धूर, अंजन, जांभई आणि आनंद

गेल्या अंकात ‘हसू आणि आसू’ या विषयावर प्रश्न मागवले होते. सर्वांत जास्त पत्रं नाटकवाल्यांची आली, गोव्यात दुसरं काय होणार! निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

नववीच्या एका मुलाने निबंधात लिहिलं, ‘बक्षीस मिळाल्याचं कळताच आईने आनंदाने हंबरडा फोडला.’ मी लाल रेघ मारली. त्याने विचारलं, ‘आनंदाने रडता येतं ना, मग हंबरडा का नाही?’ मला उत्तर सुचलं नाही. (शिक्षिका, फोंडा)

रेघ बरोबर आहे. हंबरडा हा गाईच्या हंबरण्याचा भाऊबंद. वासरू दिसेनासं झालं की गाय हंबरते, त्या आवाजात हाक असते. टाहोतही हाकच आहे. ज्याला हाक मारायची तो समोर उभा असताना हंबरडा फुटत नाही. मुलाला एवढं सांगितलंत तरी पुरे.

मराठीत रडण्याचे शब्द ढिगाने आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डोळे पाणावतात तेव्हा पाणी आतच असतं. डबडबतात तेव्हा ते पापणीच्या काठाशी आलेलं असतं, सांडलेलं नसतं. टचकन येतं ते अचानक, एखाद्या शब्दाने. टिपं गाळणं हे बराच वेळ चालतं, बिनआवाजाचं, बहुधा पाठ करून. मुसमुसणं पांघरुणातलं. स्फुंदण्यात श्वास अडकतो, हुंदका त्यातला एक तुकडा. ओक्साबोक्शी आणि हमसाहमशी रडताना सगळं अंग हलतं. भोकाड पसरतं ते पोर, आणि तसं म्हणणाऱ्याला त्याची दया आलेली नसते. गळा काढणाऱ्यावर तर बोलणाऱ्याचा विश्वासच नसतो.

यातले आनंदाला चालणारे कोणते? पाणावणं, डबडबणं, टचकन येणं, भरून येणं, गहिवरणं, कंठ दाटणं आणि फार तर घळाघळा वाहणं. ढसाढसा सीमेवरचा. हरवलेला मुलगा सात वर्षांनी दारात उभा राहिला तर आई ढसाढसा रडेल, पण ते सात वर्षांचं साचलेलं रडणं असतं. बक्षिसाला तो शब्द जड होतो. आपल्याकडची मुलं संवादात ‘दुकां’ (आसवं) लिहितात, तो कोंकणी शब्द पात्राच्या तोंडी असेल तर राहू द्या.

मुलाचा मूळ प्रश्न मात्र रेघेने मिटत नाही, कारण तो भरतमुनींनाही पडला असावा. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावना दाटली की शरीरावर उमटणाऱ्या खुणा, सांगितल्या आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू (थरथर), वैवर्ण्य (रंग उतरणं), अश्रू, प्रलय (भान हरपणं). अश्रूची कारणं देताना भरत आनंदापासून सुरुवात करतो. मग संताप, धूर, डोळ्यांत घातलेलं अंजन, जांभई, भीती, शोक, पापणी न लवता पाहत राहणं, थंडी आणि रोग. शोक यादीत बराच मागे आहे, आणि त्याच्याआधी चक्क जांभई! अश्रू ही शोकाची खासगी मालमत्ता आहे असं त्याला वाटतच नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी संजयाची अवस्था येते ती याच आठ भावांत बांधलेली आहे: ‘अर्धोन्मीलित डोळे । वर्षताती आनंदजळें’. ‘आनंदाश्रू’ हा शब्द निबंधांत झिजून गुळगुळीत झाला आहे. मुलांना एकदा हे ‘आनंदजळ’ वाचून दाखवा.

शरीराच्या बाजूनेही हेच दिसतं. डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात अश्रुग्रंथी असते. तिला ‘पाणी सोड’ एवढाच निरोप मिळतो, कारण कळवलं जात नाही. भावना फार वाढली की निरोप जातो, मग ती कोणतीही असो. २०१५ मध्ये येल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं, तेव्हा आनंदाने रडणारी माणसं आणि गोंडस बाळ दिसताच गाल ओढून ‘खाऊन टाकू का’ म्हणणारी माणसं बरीचशी तीच निघाली. भावना उतू जाऊ लागली की उलटा आविष्कार तिला खाली आणतो, असा त्यांचा कयास आहे.

हसता हसता डोळ्यांतून पाणी का येतं? (वाचक, म्हापसा)

जोरात हसताना डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात, ग्रंथीवर दाब येतो आणि वर सांगितलेला निरोपही जातो. पाणी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून नाकात उतरत असतं. आवळलेल्या पापण्यांत तो रस्ता अपुरा पडतो आणि उरलेलं गालावर येतं. रडताना नाक का गळतं याचंही उत्तर त्याच छिद्रांत आहे.

भरताने हास्याचे सहा प्रकार केले आहेत: स्मित आणि हसित उत्तम लोकांचं, विहसित आणि उपहसित मध्यमांचं, अपहसित आणि अतिहसित अधमांचं. डोळ्यांत पाणी आणणारं हसू शेवटच्या दोनांत टाकलं आहे. म्हणजे पोट धरून हसणारे आपण सगळे तळाच्या वर्गात. इथे भरताचं ऐकायची गरज नाही.

जात्रेच्या नाटकात एका मृत्यूनंतरचा विलापाचा प्रवेश माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी विंगेत ग्लिसरीन डोळ्यांत घातलं. पाच मिनिटं समोरचं काही दिसलं नाही आणि मेकअप ओघळून गळ्यापर्यंत आला. काय चुकलं? (हौशी कलाकार, सत्तरी)

ग्लिसरीन डोळ्यांत घालायचं नसतं, चूक तिथेच झाली. ते दाट असतं, डोळ्यावर पसरलं की आग होते आणि सगळं धूसर दिसतं. ते गालावर लावायचं. दोन भाग ग्लिसरीन, एक भाग उकळून गार केलेलं पाणी. कापसाच्या काडीने खालच्या पापणीच्या बाहेरच्या टोकाशी, पापणीच्या केसांच्या रेषेखाली, एकच ठिपका. पाण्यासारखं ते वाळत नाही, प्रकाशात चमकत राहतं आणि मान खाली घातली की सावकाश उतरतं. दोन्ही गालांवर समान उंचीवर लावू नका, खोटेपणा तिथे पकडला जातो.

खरं पाणी हवं असेल तर मेंथॉलची काडी मिळते. ती खालच्या पापणीपासून बोटभर अंतर सोडून गालाच्या हाडावर एकदाच फिरवायची. अर्ध्या-एक मिनिटात डोळे भरतात आणि लालही होतात. आपल्याकडच्या मांडवात दिव्यांखाली घाम येतो, घामाबरोबर मेंथॉल डोळ्यांत शिरतं, म्हणून प्रयोगात लावायची मात्रा तालमीतल्या मात्रेच्या निम्मी ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर दोन्ही उपाय नकोत. डोकेदुखीचा बाम कुणी सुचवला तर त्याला विंगेबाहेर काढा. त्यातला कापूर कातडी भाजतो.

मेकअप ओघळतो तो तेलामुळे. घरी पाडलेलं काजळ तेल-तुपातलं असतं, पाणी लागलं की गालावर रेघ. काजळ फक्त वरच्या पापणीला, खाली पाण्यात न विरघळणारी पेन्सिल. बेस लावल्यावर पावडर दाबून बसवा आणि दोन मिनिटं थांबून ब्रशने झटका. अश्रू टिपायचा तर पदराच्या टोकाने दाबून, घासून नाही.

आता महत्त्वाचं. जात्रेला समोर पाच-सातशे माणसं असतात आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेपलीकडे अश्रू कुणालाच दिसत नाही. शेवटच्या रांगेला खांदे दिसतात आणि श्वास ऐकू येतो. भरतही अश्रूचा अभिनय सांगताना डोळे वारंवार पुसायला सांगतो. म्हणजे हाताची क्रिया, कारण ती दुरून दिसते. हुंदका श्वास घेताना येतो: तीन छोट्या झटक्यांत श्वास आत, मग एक लांब सोडणं. हौशी कलाकार उलटं करतात, श्वास सोडताना, म्हणजे बोलतानाच रडतात, आणि वाक्य पाण्यात जातं. आधी वाक्य पूर्ण करा, शेवटचा शब्द स्वच्छ टाका, मग हुंदका. विलापात दोन ठिकाणं ठरवा जिथे रडणं थांबतं. रडू आवरणारा माणूस प्रेक्षकांना जास्त रडवतो. पुढे उभे माइक असतील तर हुंदक्याच्या वेळी तोंड थोडं बाजूला वळवा, नाहीतर माइकमधून नुसता ‘फट्’ ऐकू येईल.

वडिलांच्या शोकसभेत बोलायचं आहे. दोन वाक्यांनंतर आवाज बंद होईल याची खात्री आहे. (वाचक, वाळपई)

भावना दाटली की शरीर जास्त हवा घ्यायला घशातलं स्वरद्वार उघडं ठेवू पाहतं. बोलायला आणि गिळायला ते मिटावं लागतं. या ओढाताणीत गोळा अडकल्यासारखं वाटतं. कंठ दाटतो म्हणतात तो अगदी शब्दशः.

भाषण लिहून काढा, तीन मिनिटांना साधारण ३५० शब्द. मोठी अक्षरं, दोन ओळींत मोकळी जागा, कागदाच्या एकाच बाजूला. मग मोठ्याने दोनदा वाचा. अडखळण्याची जागा स्वतःच सापडते, आणि ती बहुधा ‘ते गेले’ ही नसते. ‘त्यांचा चष्मा अजून खिडकीत आहे’ असं काहीतरी किरकोळ वाक्य असतं. ते खोडू नका, तेच ऐकायला लोक आलेले असतात. परिच्छेदाच्या शेवटी न्या, म्हणजे आवाज गेला तरी मधलं काही अर्धवट राहत नाही. त्याआधी कागदावर आडवी रेघ मारा, तिथे थांबायचं, पाण्याचा घोट घ्यायचा (गिळल्याने घसा सुटतो), सहा आकडे मोजत श्वास सोडायचा. पहिल्या रांगेतल्या आईकडे बघायचं नाही, मागच्या भिंतीकडे बघायचं. एक प्रत भावाकडे किंवा बहिणीकडे द्या, थांबलात तर ते उठून पुढचं वाचतील हे आधीच ठरलेलं असू दे. आवाज गेला म्हणून ‘माफ करा’ म्हणू नका.

मांडो हे कोंकणी गाणं ऐकताना डोळे भरून येतात, आणि तो संपतो न संपतो तोच दुलपद हे दुसरं, उडत्या चालीचं गाणं सुरू होऊन सगळे टाळ्या धरतात. दुःखाची ही थट्टा नाही का? (वाचक, मडगाव)

नाही, रचनाच तशी आहे. मांडो संथ, सहा मात्रांचा. दुलपदातही सहाच मात्रा, पण चाल जलद. साथीला तेच व्हायोलिन आणि तेच घुमट हे मातीचं वाद्य. मांडोचे विषय बघितले तर ओढ, मीलन आणि विलाप असे गट पडतात, आणि यातलं विरहाचं गाणं मुख्यतः लग्नासारख्या आनंदाच्या बैठकीतच गायलं जाई. रडवून घरी पाठवायचं नाही, हा इथला संकेत.

मराठी-संस्कृत बाजूला हाच संकेत जुना आहे. ‘एको रसः करुण एव’, रस एकच आणि तो करुण, असं भवभूती उत्तररामचरितात म्हणवतो. सीतात्यागाचं नाटक, पहिल्या अंकापासून रडं. पण रामायणात सीता धरणीत जाते, आणि भवभूती मात्र शेवटी राम-सीतेची भेट घडवतो. ती भेट प्रेक्षकाला पटते, कारण त्याआधी सहा अंक तो रडलेला असतो.

लग्नातली गाणी आपण गृहीत धरतो, म्हणून एक तारीख सांगून ठेवतो. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने (पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाने) काढलेल्या फर्मानात लग्नकार्यात ओव्या गाण्यावर बंदी होती. नवरीला चुडा भरताना बायकांनी गावं आणि डोळे पुसावेत एवढंसुद्धा गुन्ह्यात बसत होतं. ओव्या तरीही राहिल्या.

शाळेच्या कार्यक्रमात ‘इतिहासातले हसू आणि आसू’ यावर दहा मिनिटं बोलायचं आहे. ‘गड आला पण सिंह गेला’ याशिवाय काही सुचत नाही. (निवेदक, डिचोली)

ते वाक्य वापरा, पण ‘असं परंपरा सांगते’ एवढं जोडा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले, हे पक्कं. त्या वाक्याला समकालीन कागदाचा आधार नाही, आणि सिंहगड हे नाव त्याआधीच्या पत्रांतही सापडतं. श्रोत्यांत इतिहासाचा एक तरी माणूस बसलेला असतोच.

त्याहून घट्ट उदाहरण चार वर्षांनंतरचं. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. १७ जूनला पायथ्याशी पाचाडला जिजाबाई गेल्या. मध्ये अकरा दिवस. या दोन तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि काही न बोलता थोडं थांबा.

गोव्यातलं उदाहरण हवं तर जनमत कौल घ्यायचा मोह होईल. १६ जानेवारी १९६७. गोवा वेगळा ठेवण्याच्या ‘दोन पानां’ना १,७२,१९१ मतं, महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७०. ३४,०२१ मतांनी एका बाजूने फटाके वाजवले आणि दुसरीने दार लावून घेतलं. पण सभागृहात दोन्ही बाजूंची नातवंडं बसलेली असतात. दहा मिनिटांत हे नीट सांगता येत नाही, अर्धवट सांगण्यापेक्षा सोडा.

कुर्डी घ्या. सांगे तालुक्यातलं गाव, गानतपस्विनी मोगुबाई कुर्डीकरांचं. साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात ते रिकामं झालं, तीन हजारांहून जास्त माणसं उठली, वाडे आणि वालकिणी या गावांत वसवली गेली. धरणाचं पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना जातं, त्यामुळे तुमच्या श्रोत्यांच्या नातलगांपैकी कुणीतरी ते पीत असणार. दर उन्हाळ्यात जलाशय उतरतो आणि मे महिन्यात गाव वर येतं: घरांची जोती, वाळलेल्या माडांचे बुंधे, तडकलेला चिखल, सोमेश्वराचं देऊळ. जुने कुर्डीकर येतात, देवळात उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या कपेलच्या (छोट्या चर्चच्या) जागी फेस्त (सण) करतात. जोत्यावर उभं राहून ‘इथे चूल होती’ असं नातवाला दाखवतात आणि जेवायला बसतात. पाऊस लागला की गाव परत पाण्याखाली. सुट्टीत एक फेरी मारा. सकाळी लवकर जा, सावली अजिबात नाही, पाणी सोबत न्या, चिखल वरून कोरडा दिसला तरी काठाजवळ पाय रुततो.

काकांना चेहऱ्याचा अर्धांगवायू झाला होता, बरे झाले. पण आता जेवताना एका डोळ्यातून धार लागते. घरचे म्हणतात, मनाला लावून घेतलंय. (वाचक, केपे)

मनाचा संबंध नाही. चेहऱ्याची नस पुन्हा वाढताना लाळेच्या ग्रंथीकडे जायचे काही धागे चुकून अश्रुग्रंथीकडे वळतात. मग घास चावला की लाळेऐवजी, किंवा लाळेबरोबर, डोळ्यात पाणी. डॉक्टरीतही याला मगरीचे अश्रू म्हणतात, मगर घास खाताना रडते या समजावरून. आपल्या ‘नक्राश्रू’त ढोंग आहे, यात नाही. खूण अशी: एकाच डोळ्यातून, फक्त खाताना, आणि आजारानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू झालेलं. दिवसभर पाणी येत असेल तर पापणी नीट मिटत नसण्याची शक्यता जास्त, तेही दाखवायला हवं. नेत्रतज्ज्ञ ग्रंथीत बोट्युलिनमचं इंजेक्शन देऊ शकतात, परिणाम काही महिने टिकतो. तोवर पंगतीत काकांच्या हाताशी रुमाल ठेवा आणि समजूत काढणं बंद करा.

रडून मोकळं झालं की हलकं वाटतं, हे खरं का? (वाचक, पणजी)

लगेच नाही. २०१५ मध्ये नेदरलँड्समध्ये ६० जणांना करुण चित्रपट दाखवून मोजलं. रडलेल्यांची मनःस्थिती चित्रपट संपताच आणखी खालावली होती, २० मिनिटांत पूर्वपदावर आली आणि ९० मिनिटांनी आधीपेक्षाही बरी झाली. म्हणून रडणाऱ्याला पाचव्या मिनिटाला ‘आता बरं वाटतंय ना?’ विचारू नका. चहा टाका, दीड तास जाऊ द्या. डोळे चोळू नका, गार ओली घडी दहा मिनिटं ठेवा, डोकं दुखत असेल तर पाणी प्या.

बाळंतिणीला तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उगाच रडू येतं, आनंदात असतानाही. ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे गेलं, किंवा कुणालाही रोज रडू येऊन झोप-भूक गेली, तर डॉक्टरांकडे जा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे.

आणि कांदा? (बऱ्याच वाचकांचा प्रश्न)

चिरल्यावर कांद्याच्या पेशी फुटतात, त्यातली विकरं (एन्झाइम) आणि गंधकाची संयुगं एकत्र येऊन एक वायू तयार होतो. तो डोळ्याच्या ओलाव्यात विरघळून झोंबतो आणि डोळा धुऊन काढायला पाणी येतं. बोथट सुरी पेशी चेंगरते, म्हणजे वायू जास्त. सुरीला आधी धार लावा. कांदे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, थंडीत विकरं मंदावतात. मुळाकडचा भाग शेवटी कापा, तिखटपणा तिथे जास्त. टेबलफॅन बाजूने सोडा, समोरून नको. अर्धे करून दहा मिनिटं पाण्यात टाकले तरी चालतं, पण भज्यांना ते कांदे पाणी सोडतात. पोहण्याचा चष्मा सर्वांत खात्रीचा. फक्त बेल वाजली तर दार उघडायला तसेच जाऊ नका.